मदत हवी आहे: उपग्रहाच्या चित्रांतून ढगांचा वेग काढतोय, पण वारा उलट्या दिशेचा येतोय

ढगांमागे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॅमेऱ्याने पार्ट तपासायच्या सिस्टिमवर काम करतो. पट्ट्यावरून पार्ट सरकत येतो. पहिल्या फोटोतला एक चौकोनी तुकडा धरायचा, पुढच्या फोटोत तोच तुकडा कुठे सापडतो ते कॉम्प्युटरला शोधायला लावायचं आणि दोन जागांमधलं अंतर वेळेने भागायचं, की वेग मिळतो. आठ वर्षं हेच करतोय. म्हणून उपग्रहाच्या चित्रांतून ढगांचा माग काढून वारा मोजतात हे वाचलं, तेव्हा वाटलं हे तर आपलंच काम, पार्टच्या जागी ढग.

यात पडायला कारणही आहे. आमचं शेत गिरणारेच्या पुढे आहे, वडील बघतात. पावसाळी टोमॅटो असतो. मागच्या जुलैत वडिलांनी सकाळी फोन करून विचारलं, "फवारू का आज?" मी मोबाइलवर उपग्रहाची हलती चित्रं पाहिली. ढगांचा मोठा पांढरा पट्टा सरळ समुद्राकडे निघालेला दिसत होता. म्हणालो, ढग जातायत, फवारून घ्या. दोन तासांत त्र्यंबकाच्या बाजूने पाऊस आला आणि सगळं औषध धुऊन गेलं. पुढच्या आठवड्यात करपा दिसला. वडील काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून डोक्यात आहे की ही चित्रं नीट वाचायला शिकायचं.

आता अडचण सांगतो. इन्सॅट ३डीआर या आपल्या हवामान उपग्रहाची उष्ण अवरक्त (म्हणजे उष्णता टिपणारी) चित्रं घेतली, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराची. ३२ गुणिले ३२ पिक्सेलचा चौकोन नाशिकवर ठेवला. एक पिक्सेल साधारण ४ किलोमीटरचा. पुढच्या चित्रात तो चौकोन १० पिक्सेल पश्चिमेला सापडला. म्हणजे अर्ध्या तासात ४० किलोमीटर, ताशी ८०. जुळणीही चांगली, ०.८५ च्या वर (१ म्हणजे तंतोतंत).

पण त्याच वेळी मी गच्चीवर होतो! डोक्यावरचे करडे ढग त्र्यंबकाकडून येऊन ओझरकडे चालले होते. होकायंत्र लावून पाहिलं, पश्चिमेकडून पूर्वेकडे, शंकाच नाही. चार रविवार हेच चाललंय. गच्चीवरून एक दिशा, चित्रातून बरोब्बर उलटी.

दुसरा घोळ इगतपुरी-कसारा पट्ट्यातला. तिथे चौकोन ठेवला की वेग जवळजवळ शून्य येतो. घाटात जुलैमध्ये उभं राहवत नाही इतकं वारं असतं आणि माझा प्रोग्रॅम म्हणतो ढग जागचा हललाच नाही.

प्रोग्रॅम तपासला. एक चित्र मुद्दाम ७ पिक्सेल उजवीकडे सरकवून दिलं, उत्तर ७ उजवीकडेच आलं. मग चुकतंय कुठे? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा. मला खरंच हे शिकायचंय.

पंचवटीकर

चित्रांचा क्रम उलटा लागलाय का? फाइलच्या नावात जागतिक वेळ असते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. मध्यरात्रीच्या आसपास तारीख बदलते तेव्हा माझा एकदा असाच गोंधळ झाला होता.

ढगांमागे

पंचवटीकर, तेच आधी पाहिलं. क्रम बरोबर आहे, शिवाय चित्रं दुपारची आहेत, तारखेचा प्रश्न येत नाही. धन्यवाद.

जुना निरीक्षक

तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे आणि तुमची गच्चीही बरोबर आहे. तुम्ही दोन वेगवेगळे वारे पाहताय.

माझी नोकरी हवामानाच्या निरीक्षणात गेली. आमच्या काळी ढगाची दिशा काढायला नेफोस्कोप असायचा. त्यातल्या एका प्रकारात काळा गोल आरसा, त्यावर वर्तुळं आणि अंश कोरलेले. आरशात ढगाचं प्रतिबिंब कुठून कुठे सरकतं ते बघायचं. सोबत पायलट बलून, म्हणजे फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीने) त्याचा पाठलाग करायचा. पावसाळ्यात फुगा खालच्या ढगात शिरला की संपलं. पण पावसाने उसंत दिली आणि फुगा उंच जाईपर्यंत दिसत राहिला, की एक गोष्ट हमखास दिसायची. सुरुवातीला पूर्वेला पळणारा फुगा वर गेल्यावर रेंगाळायचा आणि मग पश्चिमेला वळायचा.

जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर वाऱ्याचे दोन मजले असतात. खालच्या मजल्यावर मोसमी पश्चिमी वारा. त्याचा जोर समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतो. सोमालियाच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्र ओलांडून येतो तो हाच. वरच्या मजल्यावर, चौदा ते सोळा किलोमीटरच्या आसपास, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं, त्याच्या वर उंचावर जास्त दाबाचा मोठा भोवरा तयार होतो आणि त्याच्या दक्षिण अंगाला पूर्वेचा वारा वाहतो. आपल्याकडचे हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात हा झोत जगापुढे मांडला. त्याचा गाभा दक्षिण भारतावर असतो, पण नाशिकवरही तो चांगला जाणवतो. तुमचे ताशी ८० अगदी पटण्यासारखे आहेत.

आता उपग्रह कुठे आहे ते आठवा. विषुववृत्तावर ३५,८०० किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्वेला. त्याला ढगाचा माथा दिसतो आणि तुम्हाला गच्चीवरून तळ दिसतो. पावसाळ्यात मोठ्या ढगांचे माथे वरच्या झोतात सापडतात आणि त्यांचा पांढरा पिसारा पश्चिमेला ओढला जातो. उष्ण अवरक्त चित्रात जितकं थंड तितकं पांढरं दाखवतात, त्यामुळे हा पिसारा झगझगीत दिसतो. तुमच्या चौकोनातली सगळी ठळक नक्षी त्याचीच. जुळणी करणारा प्रोग्रॅम ठळक नक्षीलाच धरणार. खालचा करडा ढग जमिनीपेक्षा दहा-पंधरा अंशांनीच थंड, तो बिचारा चित्रात उठूनच दिसत नाही.

तुम्हाला फसवलं ते याच पिसाऱ्याने. समुद्राकडे चाललेला होता तो वरचा मजला. तुमच्या टोमॅटोवर पडलेला पाऊस खालच्या मजल्यातून आला.

ढगांमागे

काका, तुमचं उत्तर वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. मागच्या जुलैचं कोडं आज सुटलं. वडिलांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "आरं, वरचं आभाळ येगळं आन् खालचं येगळं, हे तं माझा बाप बी सांगायचा." त्यांना ठाऊकच होतं, मी कधी विचारलं नव्हतं.

पण मग दोन मजले वेगळे कसे करायचे? चित्रात तर सगळं एकावर एक छापल्यासारखं आहे.

जुना निरीक्षक

तापमानाने. ढगाचा माथा ज्या उंचीवर, साधारण तिथल्या हवेचं तापमान त्याला असतं. त्या दिवशीचं वातावरण उंचीनुसार कसं थंड होत गेलं हे ठाऊक असेल तर तापमानावरून उंची वाचता येते. आपल्या भागात पावसाळ्यात शून्य अंश साधारण साडेपाच किलोमीटरवर असतं. माथा १० ते १५ अंशांचा असेल तर तो अडीच-साडेतीन किलोमीटरवर, उणे ६० असेल तर तेरा-साडेतेरा किलोमीटरवर समजा.

वेग काढणं या विद्येतला सोपा भाग आहे. अवघड आहे ते उंची ठरवणं, आणि सगळ्यात जास्त चुका आजही तिथेच होतात. उंचावरचा विरळ तंतुमेघ पारदर्शक असतो. खालची उष्णता त्यातून झिरपून उपग्रहापर्यंत पोहोचते. मग उणे ६० चा ढग उणे २० चा भासतो आणि आपण त्याला चार-पाच किलोमीटर खाली आणून ठेवतो. वेग बरोबर, दिशा बरोबर आणि मजला चुकीचा. असा वारा हवामानाच्या मॉडेलमध्ये गेला तर काहीच न दिलेलं परवडतं. म्हणून बाष्पाच्या पट्ट्यातलं चित्र सोबत घेतात. त्या पट्ट्यात खालची उष्णता वरपर्यंत पोहोचतच नाही, वाटेतलं बाष्प ती शोषून घेतं. दोन्ही चित्रांतली तापमानं एकमेकांसमोर मांडली की विरळ ढगाची खरी उंची बरीच नेमकी निघते.

आणि मंडळी, ही विद्या फार जुनी नाही. डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ हा उपग्रह गेला. त्यावर व्हर्नर सुओमी यांचा कॅमेरा होता. पृथ्वीच्या त्याच भागाची चित्रं थोड्या थोड्या वेळाने पहिल्यांदाच मिळू लागली. शिकागोत तेत्सुया फुजिता यांनी त्यांची फिल्म बनवून ढगांचे माग काढले. टोर्नेडो वादळांच्या तीव्रतेची फुजिता मोजपट्टी ज्यांच्या नावाने आहे तेच हे. १९७९ च्या मोनेक्स या मोसमी वाऱ्याच्या अभ्यासमोहिमेच्या वेळी तर अमेरिकेचा एक गोज हवामान उपग्रह मुद्दाम हिंदी महासागरावर सरकवला होता. समुद्रावर फुगे कोण सोडणार? मोसमी वारा जिथून येतो तो सगळा अरबी समुद्र आमच्यासाठी जवळजवळ कोरा कागद होता. ढगांच्या मागावरून काढलेल्या वाऱ्यांनी तो बराच भरला. नंतर आपला कल्पना-१ आला, २००२ साली. मग इन्सॅट ३डी, ३डीआर आणि २०२४ मध्ये ३डीएस. आज हे वारे रोज निघतात आणि मॉडेलमध्ये जातात.

रानजाई

मी दूरसंवेदन शिकतेय, घाटातही भरपूर भटकते, म्हणून इगतपुरीच्या शून्याबद्दल लिहिते. तिथे बहुतेक दोन वेगळ्या गोष्टी घडतायत.

पहिली साधी आहे. दादा, तुम्ही जेपीजी चित्रं वापरताय का? त्यांच्यावर किनारपट्टी आणि राज्यांच्या सीमा रेघांनी छापलेल्या असतात. रेघ जागची हलत नाही आणि ढगांपेक्षा ठळक असते. इगतपुरीवर ३२ पिक्सेलचा चौकोन म्हणजे सव्वाशे किलोमीटर, त्यात मुंबईच्या बाजूच्या किनाऱ्याची रेघ येऊ शकते! प्रोग्रॅम किनाऱ्याला किनारा जुळवतोय आणि सांगतोय, काही हललं नाही. मोसडॅक या इस्रोच्या उपग्रह-माहितीच्या साइटवर नोंदणी केली की मूळ आकडे असलेल्या फाइली मिळतात. त्यात रेघा नसतात आणि प्रत्येक आकड्याचं तापमान काढायचा तक्ता आतच असतो. काका म्हणतात ते मजले वेगळे करायलाही त्याच फाइली लागतील, जेपीजीच्या करड्या छटेवरून तापमान नीट निघत नाही.

दुसरी गोष्ट रेघा काढल्यावरही राहील. पावसाळ्यात ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पांढरी टोपी बसलेली तुम्ही पाहिली असेल. तासन्‌तास ती तिथेच असते आणि वारा मात्र कानशिलं फोडत असतो. ओली हवा पश्चिमेकडून येते, डोंगराला धडकून वर चढते, थंड होते, ढग बनतो. पलीकडे उतरताना हवा तापते, ढग विरतो. हवा सतत आरपार जातेय, पण ढग बनण्याची जागा एकच आहे. त्यामुळे ढग उभा दिसतो. आम्ही अंजनेरीवर एकदा या टोपीच्या आत दोन तास होतो. सगळं पाणी आडवं अंगावर येत होतं, आणि खाली मुळेगावात थांबलेल्या मैत्रिणीने काढलेल्या फोटोंत ढग तसूभरही हललेला नव्हता.

असा ढग वाऱ्याचा माग काढायला निरुपयोगी. वाऱ्याबरोबर वाहत जाणारा ढगच हवा. म्हणून डोंगररांगांवरचे कमी वेगाचे निकाल संशयाने बघतात. तुमचा खालचा वारा मोजायला घाटमाथा सोडून पूर्वेला या, निफाड-येवल्याकडे. तिथे ढग सुटे होऊन वाहतात.

ढगांमागे

रानजाई, शंभर टक्के जेपीजीच वापरत होतो! आज किनारपट्टीची रेघ हाताने पुसून पाहिली आणि कसाऱ्याचा शून्य लगेच तीन पिक्सेल झाला. मूळ फाइली उतरवायला घेतल्यात. रविवारी नव्याने करतो आणि इथेच लिहितो.

काका, एक विचारायचं होतं. मूळ फाइली हातात असल्या तरी माझा खालच्या मजल्याचा निकाल खरा की खोटा हे ताडून कशाशी बघू?

जुना निरीक्षक

दोन वाटा आहेत. मुंबईहून रोज फुगा सुटतो, त्याची उंचीवार नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर कुणालाही पाहता येते. त्यात वाऱ्याचं एकक आधी बघा, नॉट असेल तर एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आणि दिशा लिहितात ती वारा जिथून येतो ती. तुमचा बाण ढग जातो तिकडे दाखवतो. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, हे विसरलात तर पुन्हा सगळं उलटं दिसेल.

दुसरी वाट मला जास्त आवडते. ढगाची सावली मोजा. सूर्याचे किरण समांतर येतात, त्यामुळे सपाट जमिनीवर सावली ढगाच्याच वेगाने चालते. उंच जागेवर जा, दोन ओळखीच्या खुणा धरा, त्यांच्यातलं अंतर नकाशावर मोजा आणि घड्याळ लावा.

ढगांमागे

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय, पण समाधानाने लिहितोय.

रविवारी पांडवलेण्यांच्या डोंगरावर गेलो. कंपनीतून दिसतो रोज, पण चढलो कित्येक वर्षांनी. अकराच्या सुमाराला पाऊस थांबून उघडीप झाली, ढग तुटक झाले आणि सातपूरच्या बाजूने सावल्या शहरावरून सरकायला लागल्या. सातपूरकडची एक उंच पाण्याची टाकी आणि तिच्या पूर्वेची एक इमारत अशा दोन खुणा धरल्या. नकाशावर अंतर ५ किलोमीटर. पहिल्या सावलीला साडेसात मिनिटं लागली, दुसरीला साडेआठ, तिसरीला आठ. म्हणजे सरासरीने ताशी ३७ ते ३८ किलोमीटर, पश्चिमेकडून पूर्वेकडे. आख्खं शहर अंधारत आणि उजळत जाताना वरून बघणं किती सुंदर असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्याच वेळच्या मूळ फाइली उघडल्या. या वेळी तापमानाची चाळणी लावली. उणे ४० पेक्षा थंड तेवढे पिक्सेल एका ढिगात, ५ अंशांपेक्षा उबदार तेवढे दुसऱ्यात. मधले सोडून दिले. चौकोन निफाडकडे सरकवला. थंड ढीग ९ पिक्सेल पश्चिमेला गेला. उबदार ढीग ५ पिक्सेल पूर्वेला! अर्ध्या तासात २० किलोमीटर, ताशी ४०. सावली म्हणाली ३७-३८, उपग्रह म्हणाला ४०. एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर ताशी ८ किलोमीटरचा फरक पडतो, त्या मानाने हे माझ्या अपेक्षेपेक्षा खूप जवळ आहे.

एकाच चित्रात, एकाच गावावर, दोन विरुद्ध वारे. मी ते रंगीत बाण लावून वडिलांना दाखवले. त्यांनी खालचा बाण बोटाने धरला आणि म्हणाले, "मला ह्यो बाण रोज सकाळी धाडत जा."

अडचण आता एवढीच की खालच्या ढिगाची जुळणी कमकुवत आहे, ०.५५ च्या आसपास. अर्ध्या तासात हे छोटे ढग विरतात, नवे होतात. मी ३डीआर आणि ३डीएस दोघांची चित्रं आलटून पालटून घेऊन वेळ पंधरा मिनिटांवर आणू का?

रानजाई

काय छान! पण दोन उपग्रह थेट मिसळू नका. एक ७४ अंशांवर आहे, दुसरा ८२ वर. ८२ वरचा आपल्याकडे थोडा तिरका बघतो. तेरा किलोमीटर उंचीचा ढग त्याला नाशिकपाशी सुमारे दोन किलोमीटर पश्चिमेला सरकलेला दिसतो. ढग हलला नसतानाही पंधरा मिनिटांत दोन किलोमीटरची खोटी चाल मिळेल. एकाच उपग्रहाच्या दोन चित्रांत हा सरकवा दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत जातो. खालच्या ढगांना त्रास कमी, तरी टाळाच.

त्यापेक्षा दिवसा दृश्य प्रकाशाचं चित्र घ्या. तिथे पिक्सेल १ किलोमीटरचा आहे आणि विरळ तंतुमेघ फिकट पडतात. पाच पिक्सेलची चाल तिथे वीस पिक्सेलची होईल, चूकही त्या प्रमाणात आवरेल. आणि दोन नाही, तीन चित्रं घ्या. पहिल्या जोडीचा बाण आणि दुसऱ्या जोडीचा बाण जुळले तरच ठेवा, नाहीतर टाकून द्या. अधिकृत पद्धतीतही असंच पारखून घेतात.

जुना निरीक्षक

शाब्बास. आता वडिलांच्या बाणाबद्दल एक सांगतो, कारण तिथे पिकाचा प्रश्न आहे. घाटातला बराचसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. त्यांचे माथे उबदार असतात, उष्ण अवरक्त चित्रात ते जमिनीत मिसळून जातात. बाण वारा सांगेल, पाऊस सांगणार नाही. पश्चिमेकडून येणारा खालचा बाण जोरात असेल आणि त्र्यंबकाचे डोंगर टोपी घालून बसले असतील तर फवारणी थांबवा, चित्रात वर काहीही दिसो. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हा दोन मजल्यांचा हिशेब लावू नका. तेव्हा वरचा वाराही पश्चिमेचाच असतो, गारपिटीच्या ढगाचा पिसारा पूर्वेला जातो. तो हिशेब पुन्हा वेगळा मांडावा लागेल.

ढगांमागे

काका, रानजाई, दोघांचेही मनापासून आभार. तीन चित्रांची पारख आजच लिहायला घेतो. फवारणीचा निर्णय वडिलांचाच राहील, मी फक्त बाण पाठवणार, आणि ब्रह्मगिरी दिसतोय का हे तेच मला सांगणार.

एक विनंती आहे. निफाड, सिन्नर किंवा येवल्याकडे कुणी राहत असेल आणि येत्या रविवारी उघडीप असेल, तर सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान ढगाची सावली दोन खुणांमध्ये किती वेळात गेली एवढं इथे लिहाल का? खुणांची नावं नकोत, फक्त अंतर, वेळ आणि दिशा. मी त्याच तासाची चित्रं काढून ठेवतो.